शब्दांचा शेजार

पुण्यात जर्मन शिकायला निघालेल्या माणसाला मॅक्समुल्लर हे नाव आधी पत्त्यात भेटतं. बोट क्लब रस्त्यावरचं मॅक्समुल्लर भवन. या संस्थेला जगभर कवी गटेचं नाव आहे; भारतात त्याच्या जोडीला ऋग्वेद छापणाऱ्या पंडिताचं नाव लागलं. पुण्याला तर हा पंडित परका नाहीच. १८९७ साली टिळकांना राजद्रोहाची शिक्षा झाली, तेव्हा त्यांच्या सुटकेसाठी केलेल्या अर्जावर ऑक्सफर्डच्या या वृद्ध प्राध्यापकाची सही होती. आपल्या ऋग्वेदाची दुसरी आवृत्ती त्यांनी टिळकांना तुरुंगात पाठवली. ती वाचायला रात्री काही तास दिवा वापरण्याची परवानगी मिळाली, ही गोष्ट टिळकांनी ‘आर्क्टिक होम’च्या प्रस्तावनेत मोठ्या कृतज्ञतेने लिहून ठेवली आहे.

मुलाची ही ओळख आपल्याकडे जुनी आहे. माझा जीव मात्र जडला तो वडिलांवर. जर्मन भाषेतले माझ्याजवळचे कितीतरी शब्द त्यांच्या हातचे आहेत, आणि ते सगळे गाण्यातून आलेले आहेत.

विल्हेल्म म्युलर हे त्यांचं नाव. देसाऊ गावच्या एका शिंप्याचा मुलगा. पुढे त्याच गावात शिक्षक आणि ग्रंथपाल झाले. १७९४ साली जन्मले आणि १८२७ साली गेले. तेहेतीस वर्षंही पुरती भरली नव्हती, धाकटा मॅक्स तेव्हा चार वर्षांचाही नव्हता. एकविसाव्या वर्षी या माणसाने आपल्या रोजनिशीत लिहिलं होतं की मला गाता येत नाही, वाजवताही येत नाही, पण कविता करताना मी गातच असतो. माझ्या शब्दांमागची चाल ऐकू येईल असा कुणीतरी भेटेल आणि ती मला परत करील. भवभूतीने ज्या समानधर्म्याची वाट पाहिली, त्याचीच वाट हा देसाऊचा पोरगा पाहत होता. तो समानधर्मा व्हिएन्नात होता. फ्रान्झ शुबर्टने १८२३ साली म्युलरच्या कवितांची वीस गाणी केली आणि १८२७ साली आणखी चोवीस. दोघांची भेट कधीच झाली नाही. म्युलर गेल्यावर पुढच्याच वर्षी शुबर्टही गेला, एकतिसाव्या वर्षी. पहिली वीस गाणी झाली त्याच १८२३ च्या डिसेंबरात मॅक्सचा जन्म झाला. संगीतकार वेबर त्याचा धर्मपिता, आणि वेबरच्याच ऑपेरातल्या नायकावरून पोराचं नाव ठेवलेलं. ऋग्वेदाच्या पंडिताचं नावसुद्धा असं गाण्यातून आलेलं आहे.

मी जर्मन शिकले ते फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये, संध्याकाळच्या वर्गात. बाई शब्द फळ्यावर लिहायच्या आणि आम्ही वहीत रकाने आखून ते उतरवायचो. शब्द, लिंग, अनेकवचन, अर्थ. टेबल, दिवा, खिडकी, चमचा. अशी यादी पाठ होते, परीक्षेच्या कागदावर उतरते आणि सुट्टी संपेपर्यंत पुसट होते. यादीतला शब्द परगावी भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या एकट्या माणसासारखा असतो. तो कधी आला हे कुणाला ठाऊक नसतं, आणि कधी सोडून गेला हेही कळत नाही.

एका संध्याकाळी बाई टेपरेकॉर्डर घेऊन आल्या. वह्या मिटा म्हणाल्या. पियानोवर काहीतरी गरगर फिरायला लागलं, एका जागी फिरणारं आणि तरी पुढे सरकणारं, आणि त्यावर एक स्वच्छ, भरदार पुरुषी आवाज चालू लागला. तो दिट्रिश फिशर-डिस्काऊ होता. हे नाव तेव्हा आम्हाला ठाऊक नव्हतं; पण प्रत्येक शब्दाची कड न् कड ऐकू येत होती. बाईंनी अर्थ सांगितला नाही. कानाला काय लागलं एवढंच विचारलं. सगळ्या वर्गाने एकच शब्द सांगितला, ‘वांडर्न’. भटकणं, पायी हिंडणं. तो शब्द त्या गाण्यात इतक्यांदा येतो, की न ऐकणाऱ्यालाही ऐकू यावा.

हे त्या वीस गाण्यांपैकी पहिलं. पाणचक्कीवर काम करणाऱ्या पोराला गाव सोडून हिंडायला जायचं आहे. पाच कडवी आणि पाचही कडव्यांना एकच चाल. पहिल्या कडव्यात हिंडण्याचं कौतुक आहे, दुसऱ्यात पाणी येतं, तिसऱ्यात चाकं, चौथ्यात जात्याचे जड दगड, आणि पाचव्यात पोरगा मालक-मालकिणीकडे जायची रजा मागतो. प्रत्येक कडवं आपापला एक शब्द हातात घेतं आणि चाकावर घातल्यासारखं फिरवत राहतं. पाण्याला ‘वासर’. दगडाला ‘श्टाइन’, अनेक दगडांना ‘श्टाइनं’. चाकाला ‘राड’, अनेक चाकांना ‘रेडर’, आणि त्यांच्याकडून काही घ्यायचं असेल तर ‘रेडर्न’. विभक्तीचा तक्ता आम्हाला पुढे कधीतरी शिकवला जायचा होता. त्याआधीच चतुर्थीचं अनेकवचन आमच्या तोंडात बसलं होतं. तक्ता आला तेव्हा त्यातल्या त्या चौकोनात मला गाण्यातली चाकं फिरताना दिसली.

अनेकवचन ही जर्मनची अवघड जागा आहे. एकाला ‘अ’ असेल तर अनेकांना ‘ए’ होतो, कुठे ‘एर’ लागतं, कुठे नुसता ‘न’, कुठे काहीच नाही. नियम आहेत, पण बोलताना नियम आठवत बसायला वेळ नसतो. गाण्यात तो प्रश्न उद्‌भवतच नाही. दुसरं रूप घातलं तर मात्रा मोडते, यमक सुटतं, आणि जीभ आपोआप अडते.

एकच चाल कडव्यामागून कडवं फिरत राहण्याला फार महत्त्व आहे, हे मला नंतर वाचनात सापडलं. वांडा वॉलेस या संशोधक बाईंनी १९९४ साली गाण्यातले शब्द कसे लक्षात राहतात याचे प्रयोग प्रसिद्ध केले. चालीवर ऐकलेले शब्द नुसत्या बोललेल्या शब्दांपेक्षा चांगले आठवतात, पण ते चाल कडव्यागणिक परत आली तरच. एकच कडवं एकदाच ऐकवलं तर चालीचा उपयोग होत नाही, कारण चाल स्वतःच अजून अनोळखी असते. तिची ओळख झाली की ती पुढच्या कडव्यातल्या शब्दांना जागा धरून ठेवते. एडिंबरामध्ये २०१४ साली झालेल्या दुसऱ्या एका प्रयोगात साठ प्रौढांना हंगेरियन भाषेतली छोटी वाक्यं शिकवली गेली. काहींना बोलून, काहींना ठेक्यात, काहींना गाऊन. थोड्याच मिनिटांचा अवधी होता. गाणाऱ्यांनी बाकीच्या दोन्ही गटांना मागे टाकलं.

आपल्या बायकांना हे कुणी सांगावं लागलं नाही. जातं फिरतंय, हात फिरतोय आणि ओवीची चाल त्याच फेऱ्यात परत येते आहे; एका चालीवर हजारो ओव्या. पुण्याजवळच्या डोंगराळ खेड्यांतून गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांनी सहकाऱ्यांसह अशा लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. प्वातवँ मूळचे फ्रान्सचे, पुण्यात राहून मराठी झालेले. परक्या भाषेत शिरायला त्यांनी जात्याचं दार निवडलं, याचं मला फार अप्रूप वाटतं. कारण तिथे शब्द त्याच्या कामासकट भेटतो. दळण, पीठ, उखळ, माहेर, भाऊ, वाट हे सगळे एकमेकांच्या अंगणात राहतात.

शब्द असा शेजाऱ्यांसकट येणं, हीच गाण्याची मला दिसलेली सर्वांत मोठी देणगी आहे. आपल्या वैदिकांनी तर यातून एक शास्त्रच उभं केलं. पदपाठात शब्द सुटा म्हणायचा; क्रमपाठात पहिला-दुसरा, दुसरा-तिसरा अशा जोड्या म्हणायच्या; आणि घनपाठात पहिला-दुसरा, दुसरा-पहिला, पहिला-दुसरा-तिसरा, तिसरा-दुसरा-पहिला आणि पुन्हा सुलट पहिला-दुसरा-तिसरा. शब्द दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांना असा घट्ट बांधला की त्याला कुणी हलवू शकत नाही. शिवाय उदात्त, अनुदात्त, स्वरित हे स्वर आहेतच. मॅक्समुल्लर भारतात कधीच आले नाहीत. हस्तलिखितं जुळवून त्यांनी ऋग्वेद छापला, आणि त्या कामाला १८४९ पासून १८७४ पर्यंतचा काळ लागला. ज्या ग्रंथावर मुलाचं आयुष्य गेलं, तो हजारो वर्षं माणसांच्या गळ्यात सुरक्षित राहिला होता; आणि वडिलांच्या कविता आज जिवंत आहेत त्याही गळ्यांतच. शुबर्टच्या चाली नसत्या, तर विल्हेल्म म्युलर हे नाव आज वाङ्मयाच्या अभ्यासकांपुरतंच उरलं असतं.

लिंगाची गोष्ट निराळी सांगायला हवी. हिंदी किंवा इंग्रजी घेऊन जर्मनकडे जाणारा माणूस ‘डेर, डी, डास’ला बिचकतो. मराठी माणूस बिचकत नाही. तो वाडा, ती खिडकी, ते घर ही तीन दारं आपल्याला जन्मापासून माहीत असतात. पण सोपं वाटतं न वाटतं तोच पंचाईत होते, कारण दारं तीच असली तरी आत राहणारी माणसं बदललेली असतात. आपला सूर्य तिकडे बाई होतो. आपलं झाड तिकडे पुरुष होतं. आणि नदीशी आपलं जे नातं आहे ते तर पार उलटंपालटं होतं. गंगा, कृष्णा, भीमा या आपल्या आया. तिकडे ‘नदी’ हा सर्वसाधारण शब्दच पुल्लिंगी. हे पाठ करायला माझं मन तयार नव्हतं. नदीला ‘तो’ म्हणताना जीभ चाचरायची.

ते मन तयार केलं त्याच वीस गाण्यांनी. गाव सोडून निघालेल्या त्या पोराला वाटेत एक ओढा भेटतो, ‘बाख’. मग सगळ्या प्रवासात तो त्याच्याशीच बोलतो. वाट त्यालाच विचारतो, चक्कीवाल्याच्या मुलीच्या मनात काय आहे हेही त्यालाच विचारतो, तिने दुसऱ्याला पसंत केल्यावर रडतोही त्याच्यापाशी. शेवटी पोरगा त्याच ओढ्यात जीव देतो, आणि शेवटचं गाणं ओढ्याच्या तोंडी आहे. तो त्याला अंगाई म्हणतो. वीस गाणी ऐकल्यावर ‘बाख’ला ‘डेर’ का लागतं हे मला विचारावंसं वाटलं नाही. त्या पोराला तो एकटाच सोबती होता, जिवाभावाचा मित्र होता. व्याकरणाच्या दृष्टीने हे कारण नव्हे, मला ठाऊक आहे. पण माझ्यापुरती तिकडची नदीही त्या दिवसापासून ‘तो’ आहे.

उच्चाराचंही असंच. म्युलर या नावातला स्वर आपल्याकडे नाही. ओठ ‘उ’चे करायचे आणि जीभ ‘ई’ला ठेवायची. बोलताना हा स्वर क्षणात निसटतो, गाताना मात्र शुबर्ट त्याला लांब सुरावर बसवतो आणि ओठांना तिथे थांबावंच लागतं. श्वास संपेपर्यंत थांबलं की स्नायूंना जागा कळते. ‘र’च्या बाबतीत मात्र सावध राहायला हवं. जुने गायक ‘र’ जिभेच्या टोकावर आपल्यासारखा खणखणीत वाजवतात, त्यामुळे मराठी कानाला घरी आल्यासारखं वाटतं. आज बर्लिनच्या रस्त्यावर तो घशातून येतो, आणि शब्दाच्या शेवटी तर नुसता ‘अ’ होऊन विरतो. गाण्यातला ‘र’ गाण्यात राहू द्यावा, बोलण्यातला बोलण्यात. दोन्ही घरं नांदती ठेवता येतात.

म्युलरची दुसरी चोवीस गाणी हिवाळ्याच्या प्रवासाची आहेत, आणि त्यांतलं पाचवं लिंडनच्या झाडाचं. वेशीबाहेरची विहीर, तिच्यापाशी उभं झाड, सालीवर कोरलेले शब्द, पानांची सळसळ. हे गाणं सगळ्या जर्मनांचं झालं ते फ्रीडरिश सिल्शरमुळे. त्याने १८४६ साली शुबर्टच्या सुरांना सोपं करून ते पुरुषांच्या समूहगानासाठी बांधलं आणि शाळा, पंगती, सहली सगळीकडे ते म्हटलं जाऊ लागलं. थॉमस मानच्या ‘मॅजिक माउंटन’ या १९२४ सालच्या कादंबरीत नायक ते ग्रामोफोनवर ऐकतो, आणि शेवटी पहिल्या महायुद्धाच्या चिखलात धावताना तेच गुणगुणत आपल्या नजरेआड होतो.

माझ्याजवळ तो शब्द कितीतरी वर्षं झाडाशिवाय होता. लिंडन आपल्याकडे होत नाही. मी मनात त्याला कधी पिंपळाची पानं लावली, कधी वडाची सावली दिली. विहिरीजवळचं झाड म्हटल्यावर मराठी मनात आणखी काय उगवणार? मग एका जूनमध्ये लाइपझिगला गेले. त्या गावाच्या नावातच जुन्या स्लाव्ह भाषेतली लिंडनची झाडं आहेत, हे तिथे समजलं. संध्याकाळी नऊला उजेड होता. रस्त्याच्या दुतर्फा झाडं फुलली होती. फिकट पिवळे झुबके, प्रत्येक झुबक्याला पातळ पट्टीसारखं एक वेगळं पान, आणि बाकीची पानं हृदयाच्या आकाराची, एका बाजूला जराशी तिरकी. वास मधाचा, पण मधाइतका दाट नाही. खालच्या बाकावर हात टेकला तर चिकट लागला. रस्त्याकडेच्या मोटारींच्या काचांवरही तोच चिकटा होता. पानांवरचे मावा किडे रस शोषतात आणि जास्तीची साखर खाली गाळत राहतात, म्हणून जूनमध्ये लिंडनखाली गाडी लावायला लोक नाखूश असतात, असं यजमानीणबाई म्हणाल्या. हात धुवायला उठवेना. ‘लिंडनबाउम’ हा शब्द तळहाताला लागला होता.

गाण्यातले शब्द जुने असतात, वेशी आणि विहिरी आणि पाणचक्क्या घेऊन आजच्या जर्मनीत काय करायचं, असं मला पुष्कळांनी विचारलं आहे. प्रश्न रास्त आहे. तिकीट काढायला, घरभाड्याचा करार वाचायला म्युलर कामाचा नाही. पण नवी गाणीही आहेत. नेना हिच्या बँडचं नव्व्याण्णव फुग्यांचं गाणं १९८३ मध्ये जगभर वाजलं, आणि जर्मन आकड्यांची रचना त्यातून कानात पक्की बसते. ते लोक आधी नऊ म्हणतात, मग नव्वद. एक-वीस, पंच-वीस, नव्व्याण्णव म्हणणाऱ्या आपल्या पोरांना यात नवल वाटू नये. २०१९ साली दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक’ अशी वाचनाची पद्धत आली तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला. एकवीस म्हणण्याचं वळण आपल्याही कानाशी किती घट्ट बांधलेलं आहे हे तेव्हा दिसलं.

तरी मी जुन्या गाण्यांच्याच बाजूची आहे, आणि त्याला एक कारण घरातलं आहे.

माझ्या मावशीला अर्धांगाचा झटका आला आणि वाचा गेली. समोर पेला दिसायचा, तहान लागलेली असायची, ‘पाणी’ एवढा शब्द ओठांवर येत नसे. ती डोळे मिटून चेहरा वाकडा करी, आणि आम्ही सगळे तो शब्द तिच्या वतीने मनात म्हणत बसायचो. एका संध्याकाळी देवापाशी दिवा लावून घरातल्यांनी पसायदान म्हणायला सुरुवात केली, आणि पलंगावरून तिचा आवाज आला. शब्दासह, सुरासह, शेवटपर्यंत. दुसऱ्या दिवशी ‘पाणी’ पुन्हा अडलं. डॉक्टरांनी समजावून सांगितलं की मेंदूच्या डाव्या बाजूची बोलण्याची जागा दुखावली असली, तरी गाण्याला उजव्या बाजूचाही आधार असतो. बॉस्टनमधल्या डॉक्टरांनी १९७३ साली यावरच एक उपचारपद्धती मांडली. नेहमीच्या गरजेची वाक्यं दोन सुरांवर, डाव्या हाताने ताल धरत म्हणवून घ्यायची, आणि हळूहळू सूर काढून घ्यायचा. मावशीच्या बाबतीत आम्ही तसं करत गेलो. तिचं ‘पाणी दे’ आधी गाण्यासारखं यायचं, वरच्या सुरावरून खालच्या सुरावर. पुढे बरंचसं बोलणं परत आलं. काही शब्द शेवटपर्यंत सुरातच राहिले.

तेव्हापासून शब्द गाण्यात ठेवणं मला फार मोलाचं वाटतं. वहीतला शब्द हरवण्याची एक वाट असते. गाण्यातल्या शब्दाकडे परत जायला आणखी एक वाट शिल्लक असते.

आता मी घरीच काही मुलामुलींना जर्मन शिकवते. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. त्याआधीपासूनही नर्सिंग झालेल्या मुली वर्गाला येतच होत्या. त्यांना घाई असते. बी-वन, मग बी-टू, मग मुलाखत. त्यांत साताऱ्याकडची एक मुलगी होती, दिवसा रुग्णालयात ड्युटी आणि रात्री जर्मन. मी गाण्यांकडे वळले की तिच्या कपाळाला आठी पडे. एकदा स्पष्टच म्हणाली, “मॅडम, ड्रेसिंग, ताप, सुई, गोळ्या हे शब्द द्या ना. गाण्याने वॉर्डात काय होणार?”

मी तिला ते शब्द दिलेच; ते दिल्यावाचून सोय नाही. पण त्याबरोबर माथियास क्लाउडियसचं संध्याकाळचं गाणंही दिलं. शब्द १७७९ सालचे, चाल शुल्त्सची, १७९० ची. सात कडव्यांचं, अंगाईसारखं आणि प्रार्थनेसारखं. जर्मन घरांतून पिढ्यान् पिढ्या मुलं ते ऐकत झोपली आहेत. चंद्र वर येतो, रान काळं आणि गप्प आहे, कुरणातून धुकं उठतं आहे. ‘मोंड’, ‘वाल्ड’, ‘नेबेल’, ‘श्वार्ट्स’, ‘वाइस’, ‘काल्ट’. आणि शेवटच्या कडव्यात, सगळ्यांना शांत झोप लागो असं मागून झाल्यावर, गाणं आपल्या घराच्या भिंतीपलीकडे बघतं आणि तिथल्या आजारी शेजाऱ्यासाठीही झोप मागतं. ‘क्रांक’, आजारी. ‘नाखबार’, शेजारी. अडीचशे वर्षांपूर्वी हांबुर्गजवळच्या गावात राहून लिहिणाऱ्या त्या कवीने नर्सच्या पहिल्या दिवसाचे शब्द असे एकत्र आणून ठेवले होते.

तिने पहिली तीन कडवी आणि शेवटचं पाठ केलं. मधली राहिली, कारण परीक्षा आली. मग ती गेली.

श्टुटगार्टजवळच्या एका वृद्धाश्रमात तिची नेमणूक झाली. पहिल्या महिन्यांत तिचे निरोप यायचे ते सगळे बोलीभाषेच्या तक्रारीचे. तिथले म्हातारे श्वाबियन बोलतात, मॅडम, पुस्तकातलं एक अक्षर जुळत नाही. ते खरंच आहे; त्या भागात शब्दांच्या शेपट्या निराळ्याच असतात. मग एकदा तिने रात्रपाळीवरून आवाजाचा लांब निरोप पाठवला. तिच्या मजल्यावरच्या एक आजी कुणाशीच बोलत नसत. विस्मरणाचा आजार. रात्री पडदे ओढताना हिने सवयीने ते गाणं गुणगुणायला घेतलं, तर आजी पलंगावर सावरून बसल्या आणि शब्द न चुकवता बरोबर म्हणू लागल्या. अर्ध्या दिसणाऱ्या चंद्राबद्दलचं तिसरं कडवं झालं. हिला पुढचं येत नव्हतं, म्हणून ही थांबली. आजी थांबल्या नाहीत. चौथं म्हणाल्या, पाचवं म्हणाल्या, हिच्याकडे बघत, हिने मागून म्हणावं म्हणून ओळीओळीला थांबत. एका शब्दावर हिचा ‘ऊ’ चुकला तर आजींनी बोट उचललं आणि तो पुन्हा म्हणवून घेतला. आता रोज रात्री पडदे ओढताना दोघींचा हा कार्यक्रम असतो. निरोपाच्या शेवटी तिने विचारलं होतं, “मॅडम, हे रात्रीचं झालं. सकाळी त्यांना अंघोळ घालताना म्हणायला कुठलं आहे?”

मी तिला होफमान फोन फालर्सलेबेनचं वसंताचं गाणं पाठवलं. जर्मनीच्या राष्ट्रगीताचे शब्द ज्याने लिहिले, तोच हा कवी. हे त्याचं १८३५ सालचं, पाखरं परत आल्याचं गाणं. त्यात पक्ष्यांची नावं एकामागून एक येतात. एक आपल्या कस्तुराच्या कुळातलं, ‘आम्झेल’; एक साळुंकीच्या कुळातलं. चाल अशी नाचरी की पाण्याचा तांब्या हातात असताना म्हणावी.

परवा तिने एक फोटो पाठवला. वृद्धाश्रमाच्या खिडकीबाहेरचा कठडा, त्यावर काळाभोर पक्षी, चोच पिवळीधमक. खाली लिहिलं होतं, “आम्झेल हाच का?”

हाच, मी कळवलं. काळा रंग आणि पिवळी चोच म्हणजे नर आहे. पण नाव घेताना त्यालाही ‘डी आम्झेल’च म्हणायचं.